पन्नाशीची पट्टी

पाळी जाते तेव्हा एकटी जात नाही. जाताना झोप घेऊन जाते, कंबर घेऊन जाते, कपाटाची किल्ली कुठे ठेवली ती आठवण घेऊन जाते. आणि मागे काय ठेवते? किस्से! एकीने एक सांगितला की दुसरीला दोन आठवतात. आमच्या कॉयरमध्ये तर हल्ली गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त झालेत. विल्सन सर पेटीवर सूर धरून बसलेले असतात आणि आम्ही पोट धरून!

वसईतल्या एका चर्चच्या कॉयरमध्ये मी गाते. गाते म्हणजे मागच्या रांगेत उभी राहून आवाजात आवाज मिसळते. आम्ही चौघी जुन्या. मी लीना, पतपेढीत कामाला. स्टेला टीचर शाळेत मराठी शिकवते. मार्सेलिनची सांडोरला केळीची आणि भाजीची वाडी आहे. तिचा आवाज आणि स्वभाव बघून आम्ही तिला मार्शल म्हणतो. आणि चौथी फिलोमिना, म्हणजे आमची फिलू. कॉयरमधला सगळ्यात उंच आवाज तिचा. चौघींची लग्नं मागेपुढे झाली, बाळंतपणं मागेपुढे झाली, त्यामुळे हेही मागेपुढेच आलं. घरी आम्ही आपापल्या बोलीत बोलतो, पण इथे सगळ्यांना कळेल असं सांगते.

*

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातली गोष्ट. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू होती; बाहेर बऱ्यापैकी गारठा, लोक शाली-स्वेटर घालून आलेले. नवीन आलेले तरुण फादर प्रवचन देत होते. विषय होता नरक.

"तिथली आग कधी विझत नाही," फादर म्हणाले, आणि नेमकी त्याच वेळी स्टेला टीचरला आतून वाफ आली. हॉट फ्लॅश! पोटातून निघून थेट कानापर्यंत. तिने गीतांचं पुस्तक उचललं आणि वारा घ्यायला लागली. आता हे जांभईसारखं असतं. एकीला आलं की दुसरीला येतं. मी पुस्तक उचललं. मार्शलने तर पदरानेच मान पुसायला घेतली.

कॉयर बसतो वेदीच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून. फादरना सगळं दिसत होतं. त्यांना चेव चढला. "तिथे घामाच्या धारा लागतील! घोटभर पाणी मिळणार नाही!" आणि आम्ही इकडे फडफड, फडफड!

मिस्सा संपल्यावर फादर खुशीत आमच्याकडे आले. "आज प्रवचन तुमच्या अगदी आतपर्यंत पोचलं. मी बघत होतो."

मार्शल म्हणाली, "फादर, तुमचा नरक मेल्यावर. आमचा रोज सकाळी साडेसातला येऊन जातो!"

पुढच्या रविवारी विषय स्वर्ग होता.

*

मार्शलच्या वाडीत बावखल आहे. बावखल म्हणजे झाडांना पाणी घालायला खणलेलं जुनं तळं. आमच्याकडे पूर्वी वाडी तिथे बावखल असायचंच. एका दुपारी मार्शल केळीच्या आळ्यात खुरपत होती आणि तिला ती वाफ आली. घरी जाऊन पंख्याखाली बसण्याइतका धीर नव्हता. तिने खुरपं टाकलं आणि गाऊनसकट बावखलात उतरली. गळ्यापर्यंत पाणी. डोळे मिटले. तिच्याच शब्दांत सांगायचं तर, "लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढं सुख वाटलं नव्हतं."

पलीकडच्या वाडीतल्या बाईला पाण्यावर फक्त मार्शलचं डोकं दिसलं. तेही डोळे मिटलेलं! तिने जी बोंब ठोकली, की निम्मं गाव धावत आलं. सगळ्यांच्या पुढे मार्शलचा नवरा पास्कू, हातात दोर, पायात चप्पल नाही, डोळ्यांत पाणी.

"मार्सू, बाहेर ये!" तो काठावरून ओरडला. "असं नको करू गं! मी परत कधी कालवणात मीठ कमी आहे म्हणणार नाही!"

मार्शलने एक डोळा उघडला. काठावरच्या गर्दीकडे बघितलं. आणि शांतपणे विचारलं, "मिठाचं काय म्हणाले ते ऐकलं ना सगळ्यांनी?"

*

डॉक्टर म्हणतात, सलग वर्षभर पाळी आली नाही, की मग ती गेली असं समजायचं. स्टेला टीचर शिस्तीची बाई. तिने महिने मोजायला घेतले. सहा झाले, आठ झाले, दहा झाले. अकरावा महिना संपत आला तेव्हा तिने आम्हा तिघींना घरी बोलावून मुगाचं बिरडं आणि पाव खाऊ घातला. "निरोप समारंभ समजा," म्हणाली. उरलेलं पॅडचं पाकीट तिने त्याच दिवशी पुतणीला देऊन टाकलं.

दोन दिवसांनी सकाळी मला तिचा शाळेतून फोन. आवाज अगदी कुजबुजता.

"लीना, रिटायरमेंटच्या तोंडावर एक्स्टेन्शन मिळालंय गं! आणि पाकीट पुतणीकडे!"

*

स्टेलाचाच अजून एक. सणाच्या मिस्सेला आम्ही बायका एकसारख्या साड्या नेसतो. साडी नेसायला काही नाही, ती सगळ्यांना सांभाळून घेते. प्रश्न ब्लाउजचा. स्टेलाची कंबर कॉलेजपासून गावात प्रसिद्ध होती. टेलरबाई टेप घेऊन पुढे आली की ही म्हणायची, "माझं माप आहे तुमच्याकडे. तेच ठेवा." यंदाही तेच म्हणाली. टेलरबाईने एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं आणि गिऱ्हाईक म्हणतंय म्हणून तेच ठेवलं.

सणाच्या दिवशी आलेलूया सुरू झाला. आलेलूयाला छाती भरून श्वास घ्यावा लागतो. स्टेलाने घेतला. मला शेजारी बारीक आवाज आला: टक्. मग दुसरा: टक्. तिसऱ्या आलेलूयाला तिने पदर असा काही लपेटला, की उरलेली सगळी मिस्सा ती शाल पांघरलेल्या आजारी माणसासारखी बसून होती. घरी जाताना रिक्षात रडली. हुकांसाठी नाही. "मला आरशात बघवत नाही गं," म्हणाली. "हे माझं अंगच नाही असं वाटतं. कुणीतरी दुसरीच बाई माझ्या घरात राहायला आलीये."

माझ्याही घरात तसलीच एक पाहुणी राहत होती. मी तिचा हात धरून बसले.

पुढच्या मंगळवारी सरावाला टीचर उशिरा आली. नवा कोरा, ऐसपैस, निळा कुडता. दारातच उभी राहिली आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी ऐका. आजपासून मी एक्स्ट्रा लार्ज आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा."

पुरुषांच्या रांगेने माना खाली घातल्या. फक्त विल्सन सर, पेटीवरची बोटं न उचलता, नाकावरच्या चष्म्यातून बघत म्हणाले, "ते ठीक आहे. पण आज गाणार कुठला सूर, वरचा की खालचा?"

*

आता माझा. विसरभोळेपणाचा.

लग्नाच्या मिस्सेत वधूवरांसाठी प्रार्थना वाचायची असते. गावातलंच लग्न होतं, नवरीला मी लहानपणापासून ओळखते, म्हणून मला सांगितलं. कागद काय घ्यायचा, दोन तर नावं! माईकपाशी गेले. "आज विवाहबद्ध होत असलेली आपली नॅन्सी आणि..."

आणि काहीच नाही. डोकं म्हणजे पुसलेली पाटी! मुलगा समोर उभा. त्याचा काळा सूट दिसतोय, टाय दिसतोय, कपाळावरचा घाम दिसतोय. नाव नाही. सगळं चर्च वाट बघतंय. फादरनी मान वर केली.

"नॅन्सी आणि..." मी म्हणाले, "तिच्या शेजारी उभा असलेला हा गुणी मुलगा."

चर्चमध्ये जे हसू फुटलं! नवराही हसला. पण त्याची आई हसली नाही. पहिल्या बाकावर बसली होती, माझ्याच वयाची, विरारकडची बाई. माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मी मनात म्हटलं, लीना, आता तुझं काही खरं नाही.

रिसेप्शनला मी मुद्दाम लांबच्या टेबलावर बसले. तरी ती मला शोधत आलीच. जरीची साडी सावरत, इकडेतिकडे बघत माझ्या बाजूची खुर्ची ओढून बसली. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझा हात घट्ट धरला आणि कानाशी तोंड आणलं.

"बाय, मला सकाळपासून सुनेचं नाव आठवत नाहीये. कुणाला विचारणार? तुम्ही मघाशी म्हणालात ना माईकवर? काय म्हणालात?"

"नॅन्सी," मी म्हटलं.

"हां, नॅन्सी!" तिने डोळे मिटून दोनदा म्हटलं. "देव तुमचं भलं करो!" आणि उठून गेली सुनेला हाक मारायला.

*

कॉयरजवळ एकच पंखा होता आणि तो विल्सन सरांच्या पेटीकडे तोंड करून. नरकाच्या प्रवचनानंतर आम्ही ठरवलं की अजून एक पंखा मागायचा. अर्ज-बिर्ज नको, सरळ चर्चच्या मंडळाच्या सभेत जाऊन सांगायचं. बोलायला स्टेला टीचर, कारण तिचं मराठी शुद्ध.

सभेत सगळे पुरुष. मध्ये बसलेले इनास काका, वय ऐंशीच्या घरात, कानाने थोडे जड. टीचर उभी राहिली. पाळी हा शब्द काही तिच्या तोंडून निघेना. म्हणून तिने पुस्तकातला काढला. "कॉयरमधल्या काही भगिनी सध्या रजोनिवृत्तीच्या काळातून जात आहेत..."

"कोण?" इनास काकांनी कानामागे हात धरला. "राजोडीचं कोण निवृत्त झालं?" राजोडी हे आमच्याजवळचं समुद्राकाठचं गाव.

"राजोडी नाही काका, रजोनिवृत्ती."

"तेच विचारतोय! राजोडीत कोण रिटायर झालं? मला कसं माहीत नाही?"

शेजारचा एकजण त्यांना समजवायला गेला, पण त्यालाच तो शब्द कळला नव्हता. तो म्हणाला, "काका, सत्कार असेल." लगेच शालीचा विषय निघाला! टीचर घामाने भिजली. आता ती वाफ होती की लाज, कुणाला ठाऊक.

शेवटी मार्शल उठली. "काका! पाळी बंद झालीय आमची! अंगाची आग होते! पंखा पाहिजे!"

सेक्रेटरी खिडकीबाहेर बघायला लागले. इनास काका मात्र मार्शलकडेच बघत होते. मग हळू म्हणाले, "आमची रोझा त्या वर्षी अंगणात बाज टाकून झोपायची. मला वाटायचं, माझ्यावर रागावलीये. मी पण मग बोलायचो नाही. सगळा उन्हाळा आम्ही बोललो नाही."

रोझा काकू जाऊन बरीच वर्षं झाली.

काकांनी खाकरून घसा साफ केला. "एक कशाला? तीन पंखे घ्या. आणि मोठे घ्या."

*

राजोडीवरून आठवलं. कॉयरची पिकनिक दरवर्षी कुठल्यातरी समुद्रावर जाते. दरवर्षी पुरुष पाण्यात जातात आणि आम्ही वाळूत बसून त्यांच्या चपला राखतो. यंदा राजोडीला गेलो तेव्हा मार्शल म्हणाली, "चपला काय पळून जाणारेत? चला!"

लेगिंग, टी-शर्ट, आणि आमची ती सगळी पोटं, मांड्या, दंड घेऊन आम्ही निघालो. सुरुवातीला जरा अंग चोरून. कंबरभर पाण्यात पोचल्यावर मात्र कोण कुणाचं अंग बघतंय! किनाऱ्यावरचा जीवरक्षक शिट्टी वाजवून ओरडला, "ओ आजी, पुढे जाऊ नका!"

चौघींनी एकदम मागे वळून बघितलं. म्हटलं, कोण बिचारी म्हातारी पाण्यात आली! मागे कुणीच नव्हतं.

तेवढ्यात स्टेला टीचर किंचाळली. आम्ही घाबरून वळलो, तर ती पाठीवर पडून लाटेवर हलत होती. "अगं, मी तरंगतेय! कॉलेजात पोहायला शिकायला गेले होते, तेव्हा दगडासारखी खाली जायचे!"

"तेव्हा सामान कमी होतं ना!" मार्शल म्हणाली.

*

आता फिलूचे.

फिलूचा आवाज म्हणजे काळी पाच. पेटीवरच्या त्या पट्टीत ती गायला लागली की चर्चच्या छतावरची कबुतरं उडायची. पण पन्नाशीनंतर तिचं बोलणं हळूहळू जाड व्हायला लागलं. आधी वाटलं सर्दी. मग वाटलं कैरीचं लोणचं. मग फोनवर लोक तिला सर म्हणायला लागले. "सर, आपल्याला कर्ज हवंय का?" ही आपली समजावतेय, "अहो, मी बाई आहे." समोरचा म्हणे, "बरं, मग मॅडमना द्या ना फोन!"

तिचा नवरा डॉमनिक जहाजावर असतो. बरेच दिवस समुद्रात रेंज नव्हती. बंदराला लागल्यावर त्याने भरदुपारी घरी फोन लावला. फिलू नुकतीच झोपून उठलेली. तिने उचलला. "हॅलो."

डॉमनिकने विचारलं, "कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण?"

"मी म्हणजे मी! अजून कोण असणार इथे?"

डॉमनिकने फोन ठेवला आणि थेट समोरच्या घरात लावला. समोर राहते मार्शल! "मार्सेलिन, जरा आमच्या घरात बघून ये गं. कुणीतरी बाप्या फोन उचलतोय."

मार्शल गेली. दारातून आत डोकावली. तिथूनच त्याला फोन लावला. "आहे रे, आहे एकजण. तुझ्या बायकोचा गाऊन घालून कांदे चिरतोय!"

*

हसण्यावारी नेलं तरी फिलूच्या मनात ते होतंच. आणि एका रविवारी ते सगळ्यांसमोर झालं. स्तोत्राचं वरचं टोक होतं, तिने नेहमीसारखा सूर वर टाकला आणि आवाज मधोमध चिरला. काच तडकावी तसा. ती थांबली. विल्सन सरांनी पेटीवर तिची ओळ पुरी केली. त्या दिवसापासून फिलू सरावाला येईना. विचारलं की म्हणे, घसा बसलाय.

खरी गोष्ट वेगळी होती. तिच्या आतेला घशाचा कॅन्सर झाला होता. ती एकटीच घाबरून बसली होती, जहाजावरच्या नवऱ्यालाही बोलली नव्हती. मला कळल्यावर मी पतपेढीत रजा टाकली आणि तिला घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. त्यांनी नळी घालून कॅमेऱ्यातून बघितलं. नीट, वेळ घेऊन. मी बाहेरच्या बाकावर माळेचे मणी ओढत बसलेली. मग मला आत बोलावलं.

"गाठ नाही, जखम नाही, काही नाही," डॉक्टर म्हणाले. "पाळी कधी गेली?"

फिलूने त्यांच्याकडे असं बघितलं! "डॉक्टर, तुम्ही घशाचे ना?"

"हो, पण घसा कुणाचा आहे?" ते हसले. म्हणाले, या वयात काही बायकांच्या गळ्यातल्या तारा थोड्या जाड होतात, आवाज खाली येतो. आजार नाही. गाणं सोडू नका, फक्त ओढून वर नेऊ नका.

रिक्षात ती घर जवळ आल्यावर म्हणाली, "कॅन्सर नाही म्हणून हसू की आवाज गेला म्हणून रडू, ते तरी सांग." आणि मग दोन्ही केलं. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं.

तरी सरावाला येईना. शेवटी विल्सन सर पेटी घेऊन तिच्या ओट्यावर गेले. आम्ही मागोमाग. सर म्हणाले, "सा दे."

"कुठला सा?"

"येईल तो."

फिलूने बळेच दिला. सरांनी एकेक पट्टी दाबत तिचा सूर शोधला. काळी पाच सोडली, काळी चार सोडली, खाली खाली येत काळी एकवर थांबले. "पुरुषांची पट्टी!" फिलू म्हणाली आणि तोंड फिरवलं.

सर सत्तरीला टेकलेले, कुणाची समजूत-बिमजूत काढायची त्यांना सवय नाही. ते म्हणाले, "पट्टीला कुठे पुरुष-बाई असतं? गुड फ्रायडेचं गाणं याच पट्टीत बसवतो. तू सुरुवात करायचीस." आणि पेटी मिटून चहा मागितला.

*

गुड फ्रायडेला आमच्याकडे चर्चमध्ये वाद्य वाजवत नाहीत. नुसते आवाज. भर दुपार, चर्च माणसांनी भरलेलं, बाहेर मंडपातही लोक. फिलू उभी राहिली. मी तिच्या शेजारी होते. पेटीचा आधार नाही, काही नाही. तिने डोळे मिटले आणि सुरू केलं.

कसं सांगू? आधीचा तिचा आवाज वरून यायचा. हा जमिनीतून आला. जाड, संथ, थोडा खरखरीत. पहिल्या ओळीलाच लोकांचं खोकणं थांबलं. मार्शल कधी रडत नाही, ती नाक ओढायला लागली. कडव्यानंतर आम्ही सगळ्यांनी साथ द्यायची होती, तर अर्ध्याजणी विसरल्याच.

पहिल्या बाकावर फिलूची सासू बसली होती, कातरीन आई. नव्वदीला आलेली. राहते मोठ्या मुलाकडे, पण रविवार असो की सण, सुनेच्या समोरचा पहिला बाक तिचा. तिला ऐकू कमी येतं, त्यातही बारीक, उंच आवाज. कानातलं मशीन आहे, पण ते घरी डब्यात. पूर्वी मिस्सा झाली की फिलूला सांगायची, आज हे गाणं छान झालं, आज ते. मग हळूहळू सांगायची बंद झाली. गेली कितीतरी वर्षं तिने सुनेच्या गाण्याबद्दल अक्षर काढलं नव्हतं. फिलूला ते लागायचं. ती बोलायची नाही, पण आम्हाला ठाऊक होतं.

उपासना संपली. त्या दिवशी कुणी मोठ्याने बोलत नाही, सगळे मुकाट्याने बाहेर पडतात. आम्ही दरवाज्यापाशी आलो तर म्हातारी काठी टेकत उभी. मुलगा हात धरून नेत होता, तर त्याचा हात झटकला आणि फिलूचा धरला. डोळे भरून आलेले.

"फिलू, आज तू गायलीस गं!" ती म्हणाली.

"आई, मी दर रविवारी गाते."

म्हातारीने मान हलवली. इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग तिला जो हळू आवाज वाटतो त्या आवाजात, म्हणजे मंडपातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली,

"मला नको सांगू, बाय. मी समोरच बसते. तुझा आवाज कधीचाच गेला होता, तू नुसतं तोंड हलवत उभी राहायचीस. पण मी कुणाला बोलले नाही हां!"